हार्ड डिस्क नसलेले ६ सीपीयू : पेनड्राइव्हवरून चालवायचे आहेत, मदत हवी

मखमलाबादकर | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

आमच्या नाशिकच्या मखमलाबादमधल्या अभ्यासिकेला अंबडच्या एका कंपनीने ६ जुने सीपीयू दिलेत, मॉनिटर-कीबोर्डसकट. फक्त हार्ड डिस्क काढून घेतल्यात. कंपनीचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून तसा त्यांचा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. मशीन सगळी थर्ड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅमची.

अभ्यासिकेत २२ मुलंमुली येतात. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती करणारी, गिरणारे-दुगावकडच्या मळ्यांतली. मोबाईल सगळ्यांकडे आहे, घरी कॉम्प्युटर कुणाकडेच नाही.

आधी विचार होता की ६ एसएसडी घ्याव्यात आणि मोकळं व्हावं. पण मागच्या महिन्यात एका मुलीचा फॉर्म भरायला तिच्यासोबत सायबर कॅफेत गेलो होतो. डाऊनलोड्सचं फोल्डर उघडलं तर आत अनोळखी माणसांची आधार कार्डं, जातीचे दाखले, दहावीच्या मार्कशीट, कुणाच्या तरी पासबुकाचं पहिलं पान. शंभराच्या वर फायली असतील. हिचे कागदही त्यातच पडले असते. मी बसून हिच्या फायली पुसल्या, रिसायकल बिन रिकामं केलं, मग उठलो. आमच्या ६ मशीनवर २२ जण आळीपाळीने बसले की महिनाभरात आमच्याकडेही तेच होणार.

म्हणून वाटतंय की मशीनमध्ये काहीच नको. ज्याचा त्याचा पेनड्राइव्ह, त्यातच सिस्टीम, त्यातच कागदपत्रं. आला की लावायचा, उठला की खिशात.

एक प्रयोग केला. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टीम) टाकलं. सुरू झालं, इंटरनेट लागलं, मराठी दिसलं, फार आनंद झाला. एका मुलीने संध्याकाळी इतिहासाच्या दोन पानांच्या नोट्स टाइप केल्या. सकाळी पुन्हा लावलं तर त्यात काही नाही. वायफायचा पासवर्डसुद्धा विसरलेलं. हे असंच असतं का? टिकवून ठेवायचं कसं?

एमजीरोड_दुरुस्ती | रविवार, रात्री १०:३५

आधी एक विचारतो, पेनड्राइव्ह कुठून घेणार आहात? माझं एमजी रोडला दुरुस्तीचं दुकान आहे, आठवड्याला दोन-तीन तरी खोटे पेनड्राइव्ह टेबलावर येतात. वर ६४ जीबी छापलेलं, विंडोजही ६४ दाखवतं, आत चिप ८ ची. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक. पुढचं लिहिलेलं एकतर हवेत जातं, नाहीतर आधीच्यावर बसतं. गाणी टाकणाऱ्याला सहा महिने कळत नाही. तुम्ही त्यावर सिस्टीम चालवणार, तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल, पण मुलांचे कागद घालवून.

खोटे ओळखायचे तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री. दोन्ही फुकट. अख्खा पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. एकेकाला तास-दोन तास लागतात, लागू द्या. प्रत्येक तपासल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

सातपूरकर | सोमवार, सकाळी ७:१०

धागा फार चांगला काढलात. मी कंपनीत सर्व्हर बघतो, घरी पोरांसाठी हेच उद्योग केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोट्स गेल्या त्यात तुमचं काही चुकलं नाही. अशी पेनड्राइव्हवरूनच चालणारी लाइव्ह सिस्टीम म्हणजे दाबून बसवलेली एकच मोठी फाईल असते, तिला स्क्वॉशएफएस म्हणतात. ती नुसती वाचता येते, बदलता येत नाही. शाळेत आपण नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून नद्या काढायचो ना, तसं चाललेलं असतं. आपण जे काही करतो, फाईल सेव्ह केली, पासवर्ड टाकला, ते सगळं वरच्या कागदावर उमटतं आणि तो कागद रॅममध्ये असतो. वीज बंद, कागद गेला. खालच्या नकाशाला पेन्सिल लागलेलीच नसते.

मुळात या प्रकाराचा जन्म सीडीवर झाला. क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने २००० साली नॉपिक्स काढलं तेव्हा सीडीवर परत लिहिता येतच नव्हतं, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. पेनड्राइव्हवर लिहिता येतं, म्हणून वरचा ट्रेसिंग पेपर पेनड्राइव्हवरच जपून ठेवायची सोय आली. तिला पर्सिस्टन्स म्हणतात. रुफसमध्ये उबुंटूची आयएसओ फाईल निवडलीत की खाली ‘पर्सिस्टंट पार्टिशन साइझ’ अशी सरकपट्टी दिसेल. ती शून्यावर असते. ३२ जीबीचा घेतलात तर २० जीबीपर्यंत ओढा आणि परत बनवा. नोट्स टिकतील.

यूएसबी ३.० चेच घ्या. तुमच्या मशीनला निळे पोर्ट नसतील तरी ३.० चेच. २.० च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबीच मिळतात, पण ३.० च्या पेनड्राइव्हच्या आतला कंट्रोलर सहसा चांगला असतो, आणि सिस्टीम चालवताना लहान-लहान फायली लिहिण्याचा वेगच आडवा येतो.

निफाडकर | सोमवार, दुपारी १:२०

वाचतोय. आमच्या शाळेतही असेच जुने डबे पडून आहेत.

एक प्रश्न. पेनड्राइव्हवर विंडोजच टाकता येणार नाही का? पोरांना तेच ओळखीचं आहे.

सातपूरकर | सोमवार, दुपारी २:०५

निफाडकर, मायक्रोसॉफ्टने स्वतःच तशी सोय दिली होती, विंडोज टू गो. २०१२ ला विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीसोबत आली, २०२० मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली. रुफस आजही तसा पेनड्राइव्ह बनवून देतं, पण विंडोज सतत डिस्कवर काहीतरी लिहीत असते. साध्या पेनड्राइव्हवर ती रांगते. बाहेरच्या एसएसडीवर बरी चालते. वर २२ लायसन्सचा प्रश्न आहेच, आणि अभ्यासिकेच्या नावावर चोरीची विंडोज नको.

देवळालीकर | सोमवार, रात्री ८:४०

मखमलाबादकर काका, कल्पना खूप आवडली. मी स्वतः दोन वर्षं असाच पेनड्राइव्ह घेऊन हॉस्टेलला राहिले. मैत्रिणीच्या लॅपटॉपला लावायचा, तिचं काही न उघडता आपलं काम करायचं. तिलाही निर्धास्त, मलाही.

पहिल्या दिवशीच कुलूप लावून घ्या. म्हणजे एनक्रिप्शन. पेनड्राइव्ह सीबीएसला बसमध्ये पडला तर ज्याला सापडेल तो कुठल्याही मशीनला लावून आधार, दाखले सगळं बघू शकतो. सायबर कॅफेपेक्षा वाईट.

मखमलाबादकर | पुढचा रविवार, रात्री ९:१५

अहवाल देतो.

१० पेनड्राइव्ह घेतले. ५ दुकानातून बिल घेऊन, ५ ऑनलाइन स्वस्त मिळाले म्हणून. एमजीरोड दादांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला एफथ्री लावलं, दोन रात्री त्यातच गेल्या. ऑनलाइनच्या ५ पैकी २ खोटे निघाले, ३२ च्या जागी साडेसात जीबी. परत केले. दादा, तुमचे उपकार.

८ जणांना रुफसने पर्सिस्टन्ससकट बनवून दिले. नोट्स टिकल्या. ज्या मुलीच्या नोट्स गेल्या होत्या तिने त्या पुन्हा टाइप केल्या.

पण दोन मशीनवर एक विचित्र प्रकार आहे. रोज सकाळी चालू केलं की पेनड्राइव्ह सापडत नाही म्हणतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन यूएसबी पहिला नंबरला घ्यावा लागतो. आणि सुरू झाल्यावर कुठलीही सरकारी साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. तीच साइट बाजूच्या मशीनवर, त्याच वायफायवर नीट उघडते. मुलं घाबरली, म्हणाली व्हायरस आलाय.

एमजीरोड_दुरुस्ती | रविवार, रात्री ९:३२

घड्याळात तारीख काय दिसते ते बघा.

मखमलाबादकर | रविवार, रात्री ९:४४

१ जानेवारी २०१२!

एमजीरोड_दुरुस्ती | रविवार, रात्री ९:५८

बटण सेल मेलाय. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२. मशीन बंद असताना तारीख आणि बायोसची सेटिंग त्याच्यावर टिकतात. तो संपला की मशीन रोज सकाळी पहिल्या दिवसापासून सुरुवात करतं, म्हणून यूएसबीचा नंबरही विसरतं. आणि साइटच्या सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमच्या मशीनच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही, म्हणून ब्राउझर नाही म्हणतो. व्हायरस वगैरे काही नाही.

दहा-बारा वर्षांच्या सगळ्या मशीनचा सेल बदलूनच टाका. मेनचं बटण बंद करून, वायर काढून, बाजूची छोटी पत्री पट्टी नखाने दाबली की सेल उडून वर येतो. अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. मग एकदा बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम टाकून सेव्ह करा.

मखमलाबादकर | मंगळवार, रात्री ८:२०

सहाही सेल बदलले. एक मुलगा म्हणाला मी करतो, पहिला मी दाखवला, उरलेले पाच त्याने बदलले. सगळ्या मशीनवर साइट उघडतात.

मखमलाबादकर | शुक्रवार, रात्री ११:४०

आज वाईट झालं.

संध्याकाळी साडेसातला लाईट गेली. यूपीएस आमच्याकडे नाही. पाच जण बसले होते. लाईट आल्यावर चौघांचं सुरू झालं. पाचवीचं सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळी आल्या आणि ‘इनिटरॅमएफएस’ म्हणून थांबलं. पुढे काही नाही. तीच मुलगी, जिच्या नोट्स पहिल्यांदा गेल्या होत्या. या वेळी राज्यघटनेचा भाग होता, सगळ्या कलमांचे तक्ते. ती काही बोलली नाही. पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि सायकल काढून निघून गेली.

कुणी जागं असेल तर सांगा, यातून काही निघेल का.

सातपूरकर | शुक्रवार, रात्री ११:५५

जागा आहे. आधी एक करा, त्या पेनड्राइव्हवर काहीही लिहू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. नोट्स बहुतेक आहेत. लिहिणं अर्ध्यात तुटल्यामुळे पार्टिशनचा, म्हणजे नोट्स ठेवलेल्या भागाचा, हिशेब बिघडलाय.

दुसऱ्या चांगल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. मग हा लावा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एल-एस-बी-एल-के द्या, कुठला कुठल्या नावाने दिसतोय ते साइझवरून ओळखा, दोनदा बघा. आधी डीडी या आज्ञेने त्या २० जीबीच्या पार्टिशनची जशीच्या तशी प्रत एखाद्या बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. प्रत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग पार्टिशन माउंट न करता, म्हणजे न उघडता, त्याच्यावर दुरुस्तीची आज्ञा ई-टू-एफ-एस-सी-के, सोबत उणे एफ आणि उणे वाय. झाल्यावर माउंट करून बघा. अडलं की इथेच लिहा, मी थांबतो.

मखमलाबादकर | शनिवार, पहाटे १:५०

प्रत काढायलाच बराच वेळ गेला. मग ती आज्ञा दिली, पाच-सहा मिनिटं ओळी धावत होत्या. माउंट झालं. तिचं डॉक्युमेंट्सचं फोल्डर रिकामं आहे. पण ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचं एक फोल्डर आहे, त्यात नुसते आकडे नाव असलेल्या ४० फायली.

सातपूरकर | शनिवार, पहाटे १:५४

त्याच आहेत. नावं गेलीत, आतला मजकूर असतो. एकेक लिब्रे ऑफिसने उघडून बघा.

मखमलाबादकर | शनिवार, पहाटे २:३०

३१ वी फाईल. ‘भाग ३ : मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५’. सगळं आहे. ३४ वीत मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एक तक्ता अर्धा आहे, बाकी सगळं सापडलं.

सकाळी गिरणाऱ्याला जाऊन देऊन येतो. सातपूरकर दादा, काय बोलू.

सातपूरकर | शनिवार, दुपारी १२:१५

मिळालं, जिंकलो. पण यात चूक माझी आहे. पहिल्याच प्रतिसादात मी तुम्हाला सरकपट्टी ओढायला सांगितली आणि लाईट जाण्याचा विचार केला नाही. ज्या ठिकाणी यूपीएस नाही, जिथे मुलं घाईत पेनड्राइव्ह उपसून निघतात, तिथे ती पद्धत देऊ नये. आता नीट सांगतो.

पेनड्राइव्हला वाचणं स्वस्त आणि लिहिणं महाग असतं. एक अक्षर बदलायचं तरी आतल्या चिपला मोठा ठोकळाच्या ठोकळा पुसून परत लिहावा लागतो. प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. ब्राउझर दर काही सेकंदाला कॅश, म्हणजे उघडलेल्या पानांच्या तात्पुरत्या फायली, लिहितो, सिस्टीम लॉग लिहिते, हे सगळं तुमच्या पेनड्राइव्हवर अखंड चालू होतं. म्हणून ती संथ वाटते, आणि म्हणूनच लाईट जाते तेव्हा काही ना काही अर्धवट लिहिलेलं असतंच. म्हणजे टिकवायचं काय आणि सोडून द्यायचं काय हे आपण ठरवायला हवं.

एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. डेबियनवर आधारलेली आहे, ४ जीबी रॅममध्ये आरामात बसते. तिच्यात पर्सिस्टन्सचे प्रकार निवडता येतात. ‘पर्सिस्ट ऑल’ म्हणून जो आहे त्यात सिस्टीममधले बदल रॅममध्ये राहतात आणि बंद करताना एकदाच पेनड्राइव्हवर उतरवले जातात, तेही तुम्हाला विचारून. फक्त होम, म्हणजे मुलांची स्वतःची कागदपत्रं, तेवढी लगेच लिहिली जातात. मध्येच लाईट गेली तर सिस्टीमचे त्या दिवसाचे बदल जातील, जाऊ देत. नोट्स सेव्ह केल्यात तर होममध्ये असतील, आणि होमवर दुसरी गर्दी नसल्यामुळे बिघडायचा धोका पुष्कळ कमी.

यासोबत फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिगला जाऊन डिस्क कॅश बंद करा, म्हणजे ती रॅममध्येच राहील. आणि मुलांना दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एसची सवय लावा.

२२ वेळा तेच करत बसू नका. एक पेनड्राइव्ह मनासारखा तयार करा. मराठी फॉन्ट, टायपिंगसाठी आयबसमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड, पीडीएफ वाचायचं, प्रिंटर, सगळं. मग एमएक्समध्ये ‘रीमास्टर’ करा. ट्रेसिंग पेपरवरच्या खुणा खालच्या नकाशातच छापल्या जातात आणि वरचा कागद कोरा होतो. त्यानंतर लाइव्ह यूएसबी मेकर उघडून चालू सिस्टीमचीच प्रत बाकीच्या पेनड्राइव्हवर काढा. त्याच खिडकीत एनक्रिप्ट करायची खूण आहे, देवळालीकर ताई म्हणतात ते कुलूप. ती खूण प्रत्येक वेळी करा.

लाइव्ह एमएक्समध्ये वापरणाऱ्याचं नाव डेमो, पासवर्डही डेमो, आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड रूट असतो. हे साऱ्या जगाला माहीत आहे. पहिल्या दिवशी मुलांकडून बदलून घ्या.

निफाडकर | शनिवार, दुपारी ३:४०

पपी लिनक्सबद्दल ऐकलं होतं, तेही बंद करतानाच लिहितं ना?

सातपूरकर | शनिवार, दुपारी ४:१०

हो. बॅरी कॉलर या ऑस्ट्रेलियन माणसाने २००३ मध्ये सुरू केलं, अख्खं रॅममध्ये चढतं आणि फार हलकं आहे. तुमच्या शाळेतली मशीन १-२ जीबी रॅमची असतील तर पपीच बघा. पण त्यात सगळं रूट म्हणून चालतं, आणि २२ मुलांना द्यायला मला एमएक्स जास्त सोयीचं वाटतं. टेल्स नावाच्या लिनक्सचं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, ते मुद्दाम सगळं विसरण्यासाठी आणि टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून जाण्यासाठी बनवलंय. फॉर्म भरायला ते नको. बऱ्याच साइट टॉरला दारातच अडवतात.

मखमलाबादकर | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

मूळ पेनड्राइव्ह तयार झाला. १२ प्रती निघाल्या, उरलेल्या उद्या. यूएसबी २.० च्या पोर्टवर पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप यायला दीड-दोन मिनिटं लागतात. मुलं तोवर वही काढून बसतात.

टायपिंगची परीक्षा देणाऱ्या तिघांचं मात्र यात जमणार नाही. त्यांच्या इन्स्टिट्यूटचं सराव सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे. त्यांच्यासाठी एका मशीनला एसएसडी लावून लायसन्सची विंडोज घ्यायची असं ठरवलंय. आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या नोट्स कुणी आणल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मुलांना सांगितलंय, पीडीएफ करूनच आणा.

बॅकअपसाठी अभ्यासिकेत एक १ टीबीची डिस्क ठेवायचा विचार आहे. दर रविवारी सगळ्यांची कागदपत्रं त्यात घ्यायची. ठीक आहे ना?

देवळालीकर | शनिवार, रात्री १०:०५

काका, माफ करा, पण नको. ज्या डाऊनलोड्सच्या फोल्डरमुळे तुम्ही हे सगळं सुरू केलं, ती डिस्क म्हणजे तेच फोल्डर होईल. २२ जणांचे आधार, दाखले, पासबुकं एका जागी. तुम्ही कधीच गैरवापर करणार नाही, पण कपाट फुटलं तर?

मी करायचे ते सांगते. दर रविवारी मोबाईल केबलने जोडायचा आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर मोबाईलमध्ये ओढून टाकायचं. मोबाईलला स्क्रीन लॉक असतोच. म्हणजे एक प्रत खिशात, एक मोबाईलमध्ये, दोन्ही ज्याच्या त्याच्याकडे. पाच मिनिटांचं काम आहे.

एनक्रिप्शनचा पासवर्ड विसरला तर कुणीही उघडून देऊ शकत नाही, सातपूरकरसुद्धा नाही. हे प्रत्येकाला समोर बसवून सांगा. मी माझा घरी आईच्या पोथीत कागदावर लिहून ठेवला होता.

मखमलाबादकर | शनिवार, रात्री १०:२०

पटलं. डिस्क रद्द. त्या पैशांत सहा मशीनला एक यूपीएस बघतो.

एमजीरोड_दुरुस्ती | रविवार, सकाळी १०:५०

सहांना एक बसणार नाही. मॉनिटरसकट दोन मशीनला एक ६०० व्हीएचा धरा, पाच-सात मिनिटं देतो, सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरे. दुकानात जुने तीन पडलेत, चांगल्या स्थितीत. बॅटऱ्या नव्या टाकाव्या लागतील, त्या तुम्ही आणा. बाकीचं माझ्याकडून.

मखमलाबादकर | रविवार, सकाळी ११:१०

दादा, उद्याच येतो.

गिरणारेची_मुलगी | पुढचा बुधवार, सायंकाळी ६:४५

नमस्कार. मी नवीन सदस्य आहे. हा प्रतिसाद अभ्यासिकेतल्या ४ नंबरच्या मशीनवरून, माझ्या पेनड्राइव्हवरून लिहितेय. ज्या नोट्स पहाटे सापडल्या त्या माझ्या. मखमलाबादकर काका त्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या मळ्यात आले होते. अर्धा राहिलेला तक्ता मी परत पूर्ण केलाय. सातपूरकर सर, एमजीरोडचे काका, देवळालीकर ताई, तुम्ही कुणी मला ओळखत नाही, तरी रात्रभर जागलात. मनापासून आभार.

पेनड्राइव्हला मी लाल दोरा बांधलाय, ओळखायला.

एक अडचण आहे. रविवारी मावसभावाच्या लॅपटॉपला त्याला विचारून हाच पेनड्राइव्ह लावला. एफ-१२ दाबून लगेच सुरू झाला, इथल्यापेक्षा खूप वेगाने. माझं काम झालं, बंद केलं. पण नंतर त्याने विंडोज सुरू केली तर घड्याळ साडेपाच तास मागे. तो म्हणतो तुझ्या पेनड्राइव्हने माझा लॅपटॉप बिघडवला.

सातपूरकर | बुधवार, सायंकाळी ७:२०

ताई, तक्ता पूर्ण केलास हे वाचून खूप बरं वाटलं.

लॅपटॉप बिघडलेला नाही. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात भारताची वेळ ठेवते. लिनक्स त्यात यूटीसी, म्हणजे ग्रिनिचच्या हिशेबाची वेळ ठेवतं आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. तुझ्या पेनड्राइव्हने इंटरनेटवरून बरोबर वेळ घेतली आणि आतल्या घड्याळात यूटीसी लिहिली. विंडोजला वाटलं हीच भारताची वेळ. भावाला विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘आता जुळवा’चं बटण दाबायला सांग, लगेच बरोबर होईल.

पुन्हा होऊ नये म्हणून तुझ्या एमएक्समध्ये तारीख-वेळेची खिडकी उघड, हार्डवेअर घड्याळाच्या भागात यूटीसीची खूण काढून टाक, आणि बंद करताना बदल सेव्ह करायला विचारेल तेव्हा हो म्हण. अभ्यासिकेतल्या मशीनवर मात्र बाकीच्यांचे पेनड्राइव्ह यूटीसीच ठेवतात, तिथे घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसू शकतं, म्हणून काकांना सांगून ते बघून घे.

भावाच्या लॅपटॉपवर बायोसमधलं काहीही बदलू नकोस, विशेषतः सिक्युअर बूट. नव्या विंडोजमध्ये बऱ्याचदा डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं, आणि ते सेटिंग हललं की ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती भावाजवळ नसेल तर पंचाईत. आत्ता एफ-१२ ने चालतंय ना, तेवढंच ठेव.

गिरणारेची_मुलगी | बुधवार, सायंकाळी ७:५०

खूण काढली, सेव्ह केलं. भावाचं घड्याळही त्याने जुळवून घेतलं, आत्ता फोन केला होता. तो विचारतोय, त्यालाही असा एक बनवून मिळेल का.

मखमलाबादकर | बुधवार, रात्री ८:०५

रविवारी ये म्हणावं. ३२ जीबीचा घेऊन, बिलासकट. एफथ्री लावल्याशिवाय बनवणार नाही.